एक राज्य, चार राष्ट्रे : ब्रिटिश होम चॅम्पियनशिप फुटबॉल स्पर्धेचा ऐतिहासिक आढावा (१८८४–१९८४)

प्रस्तावना

इतिहासलेखनात खेळ हा विषय दीर्घकाळ उपेक्षित राहिला. राज्यकर्ते, युद्धे, तह आणि चळवळी यांच्या तुलनेत मैदानावरील घडामोडी गौण मानल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी ही दृष्टी बदलली. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३ मध्ये राष्ट्र म्हणजे मनाने कल्पिलेला समुदाय होय, अशी मांडणी केली. एरिक हॉब्सबॉम यांनी १९९० मधील राष्ट्रवादविषयक ग्रंथात राष्ट्रभावनेच्या जडणघडणीत खेळाचाही वाटा असल्याचे दाखवून दिले. या विचाराच्या प्रकाशात शेजारी राष्ट्रांमधील फुटबॉल स्पर्धांचा अभ्यास उद्बोधक ठरतो.

अशा स्पर्धा जगात अनेक ठिकाणी झाल्या. दक्षिण अमेरिकेत १९१६ मध्ये अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि उरुग्वे यांची स्पर्धा सुरू झाली. दक्षिण आशियात १९५२ ते १९५५ या काळात भारत, पाकिस्तान, सिलोन आणि ब्रह्मदेश यांची चौरंगी स्पर्धा चार वेळा भरली. या सर्वांच्या आधीची स्पर्धा म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्यातील ब्रिटिश होम चॅम्पियनशिप. १८८३–८४ च्या हंगामात सुरू झालेली ही स्पर्धा १९८३–८४ मध्ये बंद पडली. दोन महायुद्धांचा खंड वगळता ती ८९ वेळा भरली आणि त्यांपैकी ८८ वेळा पूर्ण झाली.

या स्पर्धेचे वेगळेपण तिच्या प्राचीनतेपुरते मर्यादित नाही. दक्षिण अमेरिकेतील किंवा दक्षिण आशियातील स्पर्धांत सहभागी झालेली राष्ट्रे स्वतंत्र राज्ये होती. येथे मात्र चारही संघ एकाच सार्वभौम राज्यातील होते. संसद एक, सैन्य एक, परराष्ट्र धोरण एक. परंतु फुटबॉलचे ‘राष्ट्रीय’ संघ चार, अशी ही स्थिती होती. ती कशी निर्माण झाली, तिने लहान घटकांना काय दिले आणि अखेर ही स्पर्धा का संपली, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांच्या एकवाक्यतेतून स्पर्धेकडे

इंग्लंडची फुटबॉल संघटना १८६३ मध्ये लंडन येथे स्थापन झाली. त्यानंतर स्कॉटलंडची १८७३ मध्ये, वेल्सची १८७६ मध्ये आणि आयर्लंडची १८८० मध्ये बेलफास्ट येथे स्थापन झाली. पहिल्या संघटनेच्या नावात ‘इंग्लंड’ हा शब्द नव्हता. ती केवळ ‘फुटबॉल असोसिएशन’ होती आणि सर्व ब्रिटनच्या फुटबॉलचे नियमन आपणच करणार, असे तिने गृहीत धरले असल्यास नवल नाही. इतर तीन संघटनांच्या स्थापनेने हे गृहीतक मोडीत निघाले.

३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळील पार्टिक येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला. तत्पूर्वी लंडनमध्ये झालेल्या अशाच सामन्यांत ‘स्कॉटलंड’ म्हणून उतरलेले खेळाडू प्रामुख्याने लंडनवासी असल्याने त्या सामन्यांना अधिकृत मान्यता मिळाली नाही. १८७२ चा स्कॉटिश संघ मात्र क्वीन्स पार्क या ग्लासगोच्या क्लबमधून निवडलेला होता. संघ कोणाचा म्हणावा, हा प्रश्न आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या आरंभापासूनच उपस्थित होता, हे यावरून लक्षात येते.

पुढील दहा वर्षांत असे सामने दरवर्षी होऊ लागले. अडचण होती ती नियमांची. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर आत कसा फेकावा, गोलखांबांवर आडवी दांडी असावी की फीत, अशा बाबींत चार ठिकाणी चार रीती होत्या. प्रत्येक सामन्यापूर्वी तडजोड करावी लागे. डिसेंबर १८८२ मध्ये मँचेस्टर येथे चारही संघटनांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि समान नियमांवर सहमती झाली. लगेचच्या १८८३–८४ हंगामात चौघांची नियमित स्पर्धा सुरू झाली. १८८६ मध्ये नियमांचे रक्षण आणि दुरुस्ती यांसाठी आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळ स्थापन झाले. आज जगभर ज्या नियमांनुसार फुटबॉल खेळला जातो, ते नियम याच मंडळाच्या अधिकारात आहेत. शेजाऱ्यांनी आपसांत खेळता यावे म्हणून केलेल्या व्यवस्थेतून जागतिक खेळाची घटना साकारली, असे म्हणता येईल.

समान दर्जा, असमान बळ

स्पर्धेचा पहिला सामना २६ जानेवारी १८८४ रोजी बेलफास्ट येथे झाला. त्यात स्कॉटलंडने आयर्लंडचा ५–० असा पराभव केला आणि पुढे तिन्ही सामने जिंकून पहिले विजेतेपद मिळवले. स्पर्धेची रचना साधी होती. प्रत्येक संघाने इतर तिघांशी एकेक सामना खेळायचा, यजमानपद आलटून पालटून घ्यायचे, विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण मिळायचा. गुण समान झाल्यास विजेतेपद विभागून दिले जाई. गोलफरकाने निर्णय करण्याची पद्धत १९७८–७९ पासून आली. १९५५–५६ मध्ये तर चारही संघांचे प्रत्येकी तीन गुण झाल्याने चौघेही संयुक्त विजेते ठरले.

या रचनेतील समानता केवळ औपचारिक होती. लोकसंख्या, संपत्ती, क्लबांची संख्या आणि खेळाडूंची उपलब्धता या सर्वच बाबतींत इंग्लंड फार पुढे होते. स्पर्धेच्या एकूण इतिहासात इंग्लंडने ५४ वेळा, स्कॉटलंडने ४१ वेळा, वेल्सने १२ वेळा आणि आयर्लंडने ८ वेळा विजेतेपद पटकावले. विभागून मिळालेली विजेतेपदे यात समाविष्ट आहेत. ती वगळल्यास हे आकडे अनुक्रमे ३४, २४, ७ आणि ३ असे येतात. स्कॉटलंडने लोकसंख्येच्या मानाने मिळवलेले यश विशेष उल्लेखनीय आहे. एकट्याने चेंडू पुढे नेण्याऐवजी सहकाऱ्यांमध्ये तो फिरवत नेण्याची स्कॉटिश खेळाडूंची पद्धत सुरुवातीच्या काळात इंग्लंडला भारी पडली.

मात्र खेळाडूंच्या स्थलांतराने हे चित्र बदलले. इंग्लंडने १८८५ मध्ये धंदेवाईक खेळास मान्यता दिली, तर स्कॉटलंडने ती १८९३ मध्ये दिली. मधल्या काळात चांगले स्कॉटिश खेळाडू वेतनासाठी इंग्लिश क्लबांकडे गेले. अशा खेळाडूंना स्कॉटलंडच्या संघात घेऊ नये, असे धोरण होते. ते १८९६ मध्ये सोडून देण्यात आले. वेल्स आणि आयर्लंड यांची अडचण याहून बिकट होती. त्यांचे बहुतेक उत्तम खेळाडू इंग्लिश क्लबांच्या नोकरीत असत आणि त्यांना राष्ट्रीय सामन्यासाठी मोकळे करणे क्लबांवर बंधनकारक नव्हते. ऑक्टोबर १९३० मध्ये स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यासाठी वेल्सला फ्रेड कीनर या अनुभवी कर्णधाराभोवती बव्हंशी अपरिचित खेळाडू गोळा करावे लागले. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर या संघाने १–१ अशी बरोबरी साधली. वेल्समध्ये या सामन्याची आठवण दीर्घकाळ जपली गेली.

वेल्सच्या दृष्टीने स्पर्धेचे महत्त्व समजून घेण्यासाठी तेथील अन्य राष्ट्रीय संस्थांच्या तारखा पाहणे उपयुक्त ठरते. सोळाव्या शतकातच वेल्स कायद्याने इंग्लंडमध्ये विलीन झाला होता. १७०७ च्या एकीकरणानंतरही स्कॉटलंडने आपले चर्च, न्यायव्यवस्था आणि शिक्षणपद्धती टिकवली. वेल्सकडे असे काही उरले नव्हते. वेल्स विद्यापीठ १८९३ मध्ये स्थापन झाले, राष्ट्रीय ग्रंथालय आणि राष्ट्रीय संग्रहालय यांना १९०७ मध्ये सनद मिळाली, कार्डिफ १९५५ मध्ये राजधानी घोषित झाले आणि निर्वाचित सभा १९९९ मध्ये अस्तित्वात आली. फुटबॉल संघटना मात्र १८७६ मध्येच स्थापन झाली होती. ‘वेल्स’ या नावाने इंग्लंडसमोर समान दर्जाने उभे राहण्याची संधी या स्पर्धेने दरवर्षी दिली. १९०७ मध्ये वेल्सने प्रथमच विजेतेपद मिळवले. मार्च १९२० मध्ये लंडन येथे इंग्लंडवर २–१ असा विजय मिळाला, तेव्हा वेल्सकडून खेळणाऱ्या बिली मेरेडिथ यांचे वय ४५ वर्षे होते.

स्कॉटलंड–इंग्लंड सामना आणि लोकसमुदाय

स्पर्धेचे मुख्य आकर्षण स्कॉटलंड–इंग्लंड सामना हेच होते. त्याला लोटणारी गर्दी औद्योगिक शहरांतील कामगारवर्गाच्या जीवनाशी निगडित होती. शनिवारची अर्धी सुट्टी, रेल्वे आणि स्वस्त तिकीट यांमुळे हजारो लोक मैदानावर येऊ शकत होते. मैदाने मात्र त्या मानाने सज्ज नव्हती. ५ एप्रिल १९०२ रोजी आयब्रॉक्स येथे याच सामन्यात प्रेक्षकांसाठी उभारलेल्या लाकडी मंचाचा भाग कोसळून २५ जण मृत्युमुखी पडले आणि ५०० हून अधिक जखमी झाले. तो सामना रद्द धरण्यात आला व मे महिन्यात बर्मिंगहॅम येथे पुन्हा खेळवला गेला. या दुर्घटनेनंतर उंच लाकडी मंचांऐवजी मातीच्या भरावावर पायऱ्या बांधण्याकडे कल वाढला.

१९३७ मध्ये ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्क येथे या सामन्यास १ लाख ४९ हजारांहून अधिक प्रेक्षक उपस्थित होते. सामन्याची प्रतिष्ठा विजेतेपदावर अवलंबून नव्हती. ३१ मार्च १९२८ रोजी वेंब्ली येथे स्कॉटलंडने इंग्लंडला ५–१ असे हरवले, त्या वर्षी दोघांनाही विजेतेपदाची आशा उरली नव्हती. ते वेल्सने मिळवले होते. तरीही स्कॉटिश लोकस्मृतीत तो संघ ‘वेंब्लीचे जादूगार’ म्हणून अजरामर झाला. इंग्लंडने १९६१ मध्ये ९–३ असा विजय मिळवला. एप्रिल १९६७ मध्ये विश्वविजेत्या इंग्लंडला वेंब्ली येथेच ३–२ असे नमवून स्कॉटलंडने त्याचे उट्टे काढले. स्कॉटलंडची निर्वाचित संसद १९९९ पर्यंत अस्तित्वात नव्हती. त्यापूर्वीच्या शतकभरात दर दोन वर्षांनी लंडनकडे निघणारा स्कॉटिश प्रेक्षकांचा ओघ हा सामूहिक अस्मितेचा एक ठळक सार्वजनिक आविष्कार होता. याचा अर्थ हे सर्व प्रेक्षक राजकीय स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते होते असा मात्र नाही. मैदानावर स्कॉटिश आणि मतपेटीत ब्रिटिश पक्षांचे पाठीराखे, अशी दुहेरी निष्ठा बहुसंख्यांनी सहज सांभाळली.

आयर्लंडची फाळणी आणि संघाचे नाव

आयर्लंडच्या संघाने फेब्रुवारी १८८२ मध्ये आपल्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडकडून १३–० असा पराभव पत्करला होता. तेथून १९१४ मध्ये एकट्याने विजेतेपद मिळवण्यापर्यंत त्याने मजल मारली. त्या वर्षी त्याने इंग्लंडला इंग्लंडमध्येच ३–० असे हरवले. हे यश मिळाले तेव्हा आयर्लंडच्या स्वयंशासनाचा प्रश्न ऐरणीवर आलेला होता.

१९२१ मध्ये देशाची फाळणी झाली आणि त्याच वर्षी डब्लिन येथे वेगळी फुटबॉल संघटना स्थापन झाली. बेलफास्टच्या संघटनेने मात्र संपूर्ण बेटाचे प्रतिनिधित्व करण्याचा दावा सोडला नाही. होम चॅम्पियनशिपसाठी ती १९५० पर्यंत दक्षिणेकडील खेळाडूंचीही निवड करत राहिली. परिणामी काही खेळाडू दोन्ही ‘आयर्लंड’ संघांकडून खेळले. जागतिक संघटना फिफा हिने हस्तक्षेप केल्यानंतर ही प्रथा थांबली. जागतिक स्पर्धांत ‘आयर्लंड’ हे नाव कोणीही वापरू नये असे ठरले. तथापि होम चॅम्पियनशिपमध्ये बेलफास्टचा संघ ते नाव १९७० च्या दशकापर्यंत वापरत होता. राजकीय सीमा आखल्यानंतरही सुमारे तीस वर्षे क्रीडाक्षेत्रातील सीमा निराळी राहिली, ही बाब फाळणीच्या अभ्यासकांनी दखल घेण्याजोगी आहे.

जागतिक स्पर्धेशी संबंध

चारही संघटनांचे फिफाशी संबंध दीर्घकाळ तणावाचे होते. हौशी खेळाडूंना द्यावयाच्या भरपाईच्या प्रश्नावरून त्या १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या. त्यामुळे १९३० च्या दशकातील तिन्ही विश्वचषक स्पर्धांत त्या सहभागी झाल्या नाहीत. १९४६ मध्ये त्या परतल्या, त्या चार स्वतंत्र सदस्य म्हणूनच. पुढील वर्षी ग्लासगो येथे उर्वरित युरोपविरुद्ध ग्रेट ब्रिटनचा एकत्रित संघ उतरला आणि ६–१ असा जिंकला. परंतु असा संघ नेहमीसाठी असावा, असा आग्रह कोणी धरला नाही.

फिफाने १९४९–५० ची होम चॅम्पियनशिप १९५० च्या विश्वचषकाची पात्रता फेरी मानली आणि पहिल्या दोन संघांना ब्राझीलला जाण्याची मुभा दिली. स्कॉटिश संघटनेने मात्र आपण विजेते ठरलो तरच जाऊ, असे आधीच जाहीर केले. १५ एप्रिल १९५० रोजी हॅम्पडेन पार्कवर इंग्लंडने एकमेव गोलने सामना जिंकला. स्कॉटलंड दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि शब्दाला जागून घरीच थांबले. याच विश्वचषकातून भारतानेही माघार घेतली होती. घरची स्पर्धा जगाच्या स्पर्धेहून मोठी मानण्याची ही वृत्ती पुढे टिकणारी नव्हती. १९५८ मध्ये चारही संघ स्वीडनमधील विश्वचषकास पात्र ठरले. तेथे इंग्लंड आणि स्कॉटलंड प्राथमिक टप्प्यातच बाद झाले, तर वेल्स आणि उत्तर आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले.

अखेरचे दशक

१९६८–६९ पासून स्पर्धेचे सर्व सामने हंगामाच्या अखेरीस मे महिन्यात साधारण आठवडाभरात खेळवले जाऊ लागले. दूरचित्रवाणीला ही व्यवस्था सोयीची होती; पण इंग्लंड आणि स्कॉटलंड परस्परांविरुद्ध खेळत नसतील, अशा सामन्यांचे प्रेक्षक घटत गेले. याच काळात उत्तर आयर्लंडमधील हिंसाचार वाढला. १९७२ मध्ये स्कॉटलंडविरुद्धचा उत्तर आयर्लंडचा घरचा सामना ग्लासगोमध्ये, तर १९७३ मध्ये इंग्लंड आणि वेल्सविरुद्धचे घरचे सामने लिव्हरपूलमध्ये खेळवावे लागले. इंग्लंडचा संघ बेलफास्टला परतला तो १९७५ मध्ये. जून १९७७ मध्ये वेंब्ली येथील विजयानंतर स्कॉटिश प्रेक्षकांनी मैदानात घुसून गोलखांब मोडले आणि हिरवळ उखडून नेली. प्रेक्षकांच्या बेशिस्तीचा प्रश्न त्यानंतर चर्चेत राहिला.

मे १९८१ मध्ये तुरुंगातील उपोषणांत बॉबी सँड्स व अन्य प्रजासत्ताकवादी कैद्यांचा मृत्यू झाल्यावर बेलफास्टमधील वातावरण स्फोटक बनले. इंग्लंड आणि वेल्स यांनी तेथे जाण्यास नकार दिला. स्पर्धा अपूर्ण राहिली आणि महायुद्धांखेरीज प्रथमच विजेता घोषित होऊ शकला नाही. आदल्याच वर्षी, संघटनेच्या शताब्दीत, उत्तर आयर्लंडने १९१४ नंतर प्रथमच एकट्याने विजेतेपद मिळवले होते, हे लक्षात घेतल्यास हा आघात किती मोठा होता याची कल्पना येते.

१९८३ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांनी स्पर्धेतून अंग काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. रोडावलेली प्रेक्षकसंख्या, भरगच्च वेळापत्रक आणि अधिक बलवान परदेशी संघांशी खेळण्याची गरज ही कारणे पुढे आली. ती खोटी नव्हती. मात्र ती दोघांची कारणे होती. वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या संघटनांचे अंदाजपत्रक बऱ्याच अंशी इंग्लंड व स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यांच्या उत्पन्नावर उभे होते. त्यांच्या संमतीविना शंभर वर्षांची व्यवस्था संपली. इंग्लंड–स्कॉटलंड सामना १९८५ ते १९८९ या काळात राऊस चषकाच्या नावाने चालू राहिला. त्यात वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना स्थान नव्हते.

शेवटच्या १९८३–८४ च्या स्पर्धेत चारही संघांचे पुन्हा प्रत्येकी तीन गुण झाले. यावेळी गोलफरकाचा नियम लागू होता. २६ मे १९८४ रोजी हॅम्पडेन पार्कवरील अखेरचा सामना १–१ असा बरोबरीत सुटला आणि अवघ्या एका गोलच्या फरकाने उत्तर आयर्लंड विजेता ठरला. सम्राट पाचवे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ मध्ये तयार केलेला चषक बेलफास्टच्या संघटनेकडे कायमचा राहिला.

समारोप

या स्पर्धेचा इतिहास बहुधा स्कॉटलंड–इंग्लंड यांच्या चुरशीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वेल्स आणि आयर्लंड यांच्या बाजूने पाहिल्यास त्याचा निराळा अर्थ हाती येतो. असमान बळाच्या शेजाऱ्यांना समान दर्जा देणारी ही व्यवस्था होती. समान सामने आणि आळीपाळीचे यजमानपद तिच्या नियमांत होते. नियम मंडळातही चौघांचा अधिकार सारखाच होता. मात्र व्यवस्था टिकवायची की मोडायची, हा निर्णय बलवानांच्या हाती राहिला. जोवर इंग्लंड आणि स्कॉटलंड यांना शेजाऱ्यांची गरज होती तोवर ती टिकली. जागतिक स्पर्धा आणि परदेशी संघांशी होणारे सामने यांनी ती गरज भागवली, तेव्हा ती संपली.

तरीही तिने जे रुजवले ते नष्ट झाले नाही. चारही संघटना आजही फिफाच्या स्वतंत्र सदस्य आहेत आणि नियम मंडळात प्रत्येकीला एक मत आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ब्रिटनचा एकत्रित पुरुष संघ उभारण्याचे ठरले, तेव्हा स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या संघटनांनी विरोध केला; आपले वेगळे अस्तित्व त्यामुळे धोक्यात येईल, अशी त्यांची भीती होती. त्या संघात अखेर इंग्लंड आणि वेल्सचेच खेळाडू होते. संसद नसलेल्या राष्ट्रांना शतकभर ज्या स्पर्धेने नाव, रंग आणि दरवर्षीची एक तारीख दिली, तिची स्मृती या भीतीत जिवंत आहे. राष्ट्र आणि राज्य या संकल्पना एकच नव्हेत, हे राज्यशास्त्राच्या ग्रंथांत शिकवले जाते. ब्रिटनमधील सामान्य प्रेक्षकाने ते मैदानावर अनुभवले होते.